लेव्हल नसलेल्या बाईचा दौरा: विजयदुर्ग ते वेसवी

कामाच्या पत्रात तीन गोष्टी होत्या. कोकणातल्या पाच खाड्यांमध्ये शिंपल्यांची मोजणी करायची, संस्थेचे एक तंत्र-सहायक सोबत असतील आणि प्रवासखर्च (टीए) 'नियमानुसार' मिळेल. पहिल्या दोन गोष्टींवर माझा लगेच विश्वास बसला.

मी कुठेच नोकरीला नाही. पीएचडी झाल्यापासून खाडीतल्या शंख-शिंपल्यांवर सुटी कामं करते, त्यातली काही सरकारी संस्थांसाठी, 'बाहेरची तज्ज्ञ' म्हणून. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दौऱ्याचं बिल मी चौसष्टाव्या दिवशी पाठवलं आणि ते जसंच्या तसं परत आलं. दौरा संपल्यापासून ६० दिवसांत बिल दाखल केलं नाही तर हक्क बुडतो. केंद्र सरकारात हा नियम मार्च २०१८ पासून आहे, आधी वर्षभराची मुदत असायची. नोकरीतल्या माणसाला असल्या गोष्टी शेजारच्या टेबलावरून कळतात. माझ्या टेबलाशेजारी मांजर बसतं.

या खेपेला म्हणून मी आधी नियम वाचले. दौऱ्याचे दर ठरतात ते पगाराच्या लेव्हलवर, आणि ते अर्थ मंत्रालयाच्या १३ जुलै २०१७ च्या आदेशात आहेत. आता ज्याला पगारच नाही त्याची लेव्हल कुठली? संस्थेच्या लेखा विभागातल्या मॅडमनी पहिल्याच फोनला हे विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त होता. चार फोन झाल्यावर पत्रात एक ओळ वाढली: 'लेव्हल १० च्या अधिकाऱ्यास लागू असलेल्या दराने.' माझ्यासारख्या कुणाला काही सांगायचं झालं तर एवढंच सांगेन, ही ओळ घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

लेव्हल ९ ते ११ ला आदेशातले दर असे: राहण्याचे दिवसाला २,२५० पर्यंत, जेवणाचे ९०० आणि शहरातल्या शहरात फिरायला ३३८. महागाई भत्ता ५० टक्क्यांना पोचला की या आकड्यांत २५ टक्के भर पडते. तो जानेवारी २०२४ मध्ये पोचला, म्हणून आता २,८१२ रुपये ५० पैसे, ११२५ आणि ४२२ रुपये ५० पैसे. पन्नास पैशांचं नाणं मी शेवटचं कधी हातात धरलं होतं ते आठवत नाही, पण सरकारला आठवतं.

पहिला दिवस, ११ फेब्रुवारी. कोल्हापूर ते विजयदुर्ग

दुपारी एकला घर सोडलं, दीडची एसटी धरली, फोंडा घाट उतरले. तळेऱ्याला अण्णा भेटले, पत्रातले ते तंत्र-सहायक. अण्णा मूळचे वेंगुर्ल्याचे, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. एका हातात लोखंडी चौकट, दुसऱ्या हातात एकात एक घातलेल्या दोन चाळण्या, खांद्याला रेक्झिनची बॅग. संस्थेची जीप दुरुस्तीला गेली होती, त्यामुळे सगळा दौरा एसटी, रिक्षा आणि पाय यांवर.

"मॅडम, घरातून किती वाजता निघालात?"

मला वाटलं प्रवास कसा झाला याची चौकशी आहे. "एकला."

"अरेरे. साडेअकराला निघायचंत."

कारण असं, की दौऱ्याचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री धरतात. त्यातले बारा तासांहून जास्त तुम्ही मुख्यालयाबाहेर असाल तर जेवणाचे पैसे पूर्ण, सहा ते बारा तास असाल तर ७० टक्के, सहाच्या आत असाल तर ३० टक्के. मी एकला निघाले म्हणजे अकरा तास. दीड तासाच्या आळसाने माझे ३३७ रुपये ५० पैसे गेले. अण्णांना हे सगळे टक्के हरिपाठासारखे पाठ आहेत. माझं मुख्यालय कुठलं हा प्रश्न त्यांना पडला नाही. म्हणाले, "नोकरी नसलेल्याचं मुख्यालय म्हणजे घर. पत्रावर पत्ता असतो ना, तेच."

तळेऱ्याहून विजयदुर्गच्या गाडीत कंडक्टरने मला अर्धं तिकीट दिलं, अण्णांना पूर्ण. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आपल्याला त्याचं आता काही वाटत नाही. पण अण्णांनी माझं तिकीट दिव्याखाली धरून बघितलं आणि मान हलवली. संस्थेचं मुख्य ऑफिस परराज्यात. "तिकडे हे समजवावं लागेल," म्हणाले. मग त्यांनी मला मोबाईलवर दोन्ही तिकिटांचा एकत्र फोटो काढायला लावला. मशीनची तिकिटं महिन्याभरात कोरी होतात, हे त्यांनीच सांगितलं. पाकिटात ठेवली तर आणखी लवकर.

मुक्काम किल्ल्याजवळच्या एका घरात. माडीवर दोन खोल्या, खाली वहिनींचं स्वयंपाकघर. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. लवकर झोपलो.

दुसरा दिवस, १२ फेब्रुवारी. वाघोटण खाडी

पौर्णिमा. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती आणि तेवढीच खोल ओहोटी. या किनाऱ्यावर ती खोल ओहोटी पहाटे पाचच्या आसपास येते आणि मग रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. आमच्या दौऱ्याचं वेळापत्रक त्यामुळे चंद्राने आखलेलं होतं, आणि बिल मात्र घड्याळाने व्हायचं होतं.

पावणेचारला निघालो. त्या वेळी रिक्षा कुठली असायला! चांदण्यात तीन किलोमीटर चालत खाडीच्या आतल्या बाजूला गेलो. पाणी मागे हटलेलं, चिखल चकाकत होता, निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, बॅटरीच्या उजेडाने टुणटुण उड्या मारून पळत होत्या. काम सोपं पण कमरेचा काटा ढिला करणारं. दोरी लावून अंतर मोजायचं, ठरलेल्या ठिकाणी चौकट टाकायची, चौकटीतला वीतभर चिखल काढून चाळायचा, उरतील त्या शिंपल्या मोजायच्या, लांबी घ्यायची, परत टाकायच्या. एका चौकटीत नऊ. पुढच्या चौकटीत एकही नाही. त्याच्या पुढच्या चौकटीत माझी चप्पल, जी मी दहा मिनिटांपूर्वी हरवली होती.

उजाडता उजाडता खडकांवर बायका आल्या. कोयत्याच्या टोकाने कालवं फोडून गर डब्यात टाकत होत्या. त्यांतल्या एकीने आम्हाला बराच वेळ पाहिलं आणि अण्णांना विचारलं, "परत कित्याक टाकतास?" अण्णांनी मालवणीत समजावलं. तिने ऐकून घेतलं, पटलं नाही हे चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

परतताना अण्णांनी मला या दौऱ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली. "मॅडम, चालण्याचे पैसे मिळतात."

मी हसले. ते हसत नव्हते. त्याच २०१७ च्या आदेशात आहे: पायी प्रवासाला किलोमीटरला १२ रुपये, वर तीच २५ टक्क्यांची भर, म्हणजे आता १५. स्वतःच्या स्कूटरलाही जिथे दर ठरलेला नाही तिथे तेवढाच. म्हणजे माझे पाय आणि स्कूटर सरकारच्या लेखी एका दराचे, फक्त पायांना पेट्रोल लागत नाही. सहा किलोमीटरचे ९० रुपये. "लोक मागत नाहीत," अण्णा म्हणाले. "लाजतात." हा नियम ज्याने लिहिला त्याने कधीतरी चिखल तुडवलेला असणार, असं मला तेव्हापासून वाटतं.

संध्याकाळी किल्ला. तटावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथूनच हेलियम सापडला अशी गावात कथा आहे आणि दर १८ ऑगस्टला तो दिवस साजराही होतो. ज्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात हेलियमची ती पिवळी रेघ दिसली ते हेच, हे खरं. पण फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ यान्सन तेव्हा गुंटूरला होते, आणि ज्यांचं नाव इथे घेतात ते लॉकियर इंग्लंडातच. त्यांनी ती रेघ ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय पाहिली. हे मी अण्णांना सांगितलं. ते ओट्यावर बसून सूर्य बुडताना पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे साहेब आलेच नाहीत. टीए कुठून कुठपर्यंत लावला असेल?"

तिसरा दिवस, १३ फेब्रुवारी. विजयदुर्ग ते रत्नागिरी

सकाळी निघताना बिलाचा प्रसंग. दोन रात्रींचे वहिनींनी बाराशे सांगितले, जेवणाचे वेगळे. मी पैसे दिले आणि पावती मागितली.

"पावती कित्याक व्हयी? पैशे पावले मां माका."

इथे एक गंमत सांगायला हवी. लेव्हल ८ आणि त्याखालच्या माणसाला राहण्याची पावती लागतच नाही. तो स्वतः लिहून देतो, अमुक ठिकाणी अमुक दिवस राहिलो, आणि मर्यादेपर्यंतचे पैसे मिळतात. अण्णा लेव्हल ५ चे. त्यांची मर्यादा साडेपाचशेच्या जरा वर, पण शब्दावर काम भागतं. मी लेव्हल १० च्या दराची, माझी मर्यादा पाचपट, आणि माझ्या शब्दाला किंमत शून्य. पावती हवीच. मला वाटायचं हे उलटं आहे. दोन दिवस अण्णांसोबत राहिल्यावर वाटेनासं झालं. साडेपाचशे रुपयांत किनाऱ्यावर जी खोली मिळते ती पावती देत नाही, हे कुणीतरी जाणून लिहिलेलं आहे. मात्र बाराशेची खोलीही देत नाही, हे त्याला माहीत नसावं.

वहिनींकडे पावतीपुस्तक नव्हतं. जीएसटी नंबरही नव्हता, आणि तो असायची गरजही नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्याला नोंदणी लागत नाही. शेवटी त्यांच्या मुलाच्या वहीचा कागद घेतला. मी मजकूर सांगितला: घराचं नाव, माझं नाव, दोन रात्री राहण्याचे बाराशे रुपये मिळाले, जेवण धरलेलं नाही. जेवण वेगळं लिहिणं महत्त्वाचं, कारण जेवणाचे पैसे सरकार ठोक देतं आणि पावती विचारत नाही. दोन्ही एका कागदावर आलं की लेखा विभागाला पूर्ण पावती कापायला कारण मिळतं. वहिनींनी लिहिलं, सही केली, वर तुळशीच्या पानाएवढा हळदीचा डाग पडला. मी घडी घालून ठेवली. त्यावर काय राहून गेलं ते मला पुढे पाच आठवड्यांनी कळलं.

रत्नागिरीच्या वाटेवर आडिवऱ्याला उतरलो. पुढची गाडी दोन तासांनी होती, आणि मला कशेळीच्या सड्यावरचा हत्ती पाहायचा होता. अण्णा रिक्षात बसण्याआधीच म्हणाले, "हे बिलात नाही हं." माहीत होतं. दौरा जवळात जवळच्या रस्त्याने करायचा, स्वतःच्या हौसेचं वळण स्वतःच्या खिशातून. रिक्षाचे पैसे मी दिले आणि ते या सबंध दौऱ्यात सगळ्यात चांगले गेलेले पैसे आहेत.

सडा म्हणजे मैलभर काळा जांभा, उन्हात तापलेला, मध्येच पिवळं वाळकं गवत. चालता चालता पायाखाली एक रेघ लागते. तिच्यामागे जावं तर ती वळते, पुन्हा वळते. बराच वेळ आपण सोंडेवरून चाललोय हे कळत नाही. अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद हत्ती, आणि त्याच्या पोटात-पाठीत इतर कितीतरी प्राणी कोरलेले. २०२२ मध्ये कोकणातली अशी काही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात हा आहे. अण्णा त्याच्या कडेने चप्पल काढून चालले. मी पावलांनी मोजत होते. सवय.

"हे कोणी कोरलं असेल त्याचं मुख्यालय कुठलं?" मी विचारलं.

"असेल इथंच जवळ. आठ किलोमीटरच्या आत." मुख्यालयातल्या कामाच्या जागेपासून आठ किलोमीटरच्या आत भत्ता नसतो. अण्णांचे विनोदही नियमात बसतात.

संध्याकाळी भाट्याच्या पुलाखाली काजळीच्या खाडीत ओहोटी साधली. चिखल कमी, वाळू जास्त, शिंपल्या भरपूर. अंधार पडेपर्यंत अकरा चौकटी झाल्या. शहरातल्या लॉजवर छापील बिल, जीएसटीसकट १,६८० रुपये, मागावं न लागता मिळालं. इतकं सुख वाटलं की मी ते दोनदा वाचलं.

चौथा दिवस, १४ फेब्रुवारी. काळबादेवी, जयगड, गुहागर

ओहोटी साडेसहाची. पाचला रिक्षावाल्या दादांनी हॉर्न वाजवला. काळबादेवीला सोडून, थांबून, परत आणायचे सहाशे. 'शहरातल्या शहरात' फिरण्याची माझी मर्यादा ४२२ रुपये ५० पैसे. पण काळबादेवी रत्नागिरी शहरात नाही. मग हा शहरातला प्रवास की दौऱ्याचा? शहरातला धरला तर पावणेदोनशे माझ्या अंगावर. दौऱ्याचा धरला तर किलोमीटरप्रमाणे रिक्षाचे १५, म्हणजे थांबण्याचे काहीच नाहीत. मागच्या सीटवर अंधारात मी आणि अण्णांनी यावर इतका खल केला की दादा शेवटी मागे वळून म्हणाले, "मॅडम, जमत नसेल तर पाचशे द्या."

पावतीला त्यांनी आधी नकार दिला, घाबरून. कागदावर सही म्हणजे आरटीओचं काही लफडं असेल असं त्यांना वाटलं. लेव्हल १० ला इथेही पावती लागते, सोबत गाडीचा नंबर. अण्णांनी नंबर टिपून घेतला, एमएच ०८ ने सुरू होणारा, आणि दादांना समजावलं की हे पैसे मॅडमना परत मिळायचे आहेत, तुमच्याकडून काही जायचं नाही. मग त्यांनी कालनिर्णयाच्या गेल्या महिन्याच्या पानामागे लिहून दिलं. ते पान मी जपून ठेवलंय. एका बाजूला सहाशे रुपये मिळाले, दुसऱ्या बाजूला संकष्टी आणि पालकाच्या वड्या.

खाडीत बायका आधीच होत्या, वीस-पंचवीस जणी, गुडघाभर पाण्यात वाकून. हातात काही नाही. पायाच्या बोटांनी वाळू चाचपायची, शिंपली लागली की वाकून उचलायची, कमरेच्या जाळीत टाकायची. आम्ही चौकट टाकून जे मोजतो ते त्या तळव्यांनी मोजतात. एक आजी म्हणाल्या, यंदा तिसऱ्या (म्हणजे याच शिंपल्या) बारीक आहेत, पाऊस लांबल्यावर खाडीला गोडं पाणी जास्त दिवस राहिलं म्हणून. मी तीन दिवस वहीत जे लिहीत होते त्याचा सारांश त्यांनी जाळी झटकता झटकता सांगितला. गोड्या पाण्याने तिसऱ्यांची वाढ खुंटते, मोठा पूर आला तर पट्टेच्या पट्टे मरतात. पुस्तकात हे आहेच. पण यंदाचं, या खाडीचं, पुस्तकात नाही.

प्रयोगशाळेत कापून बघायला मला थोड्या शिंपल्या हव्या होत्या. काठावर वाटे लावून विक्री चाललेली. "अर्धा द्याल का?"

"बाय, वाटा अख्खा घ्यायचा. अर्धा कुनी देत नाय."

दोनशे रुपयांचे चार वाटे घेतले. आता हे सॅम्पल खरेदीत जाणार. किरकोळ सरकारी खरेदीला कोटेशन लागत नाही, त्याऐवजी घेणाऱ्याने सही करून प्रमाणपत्र द्यायचं असतं: या वस्तू आवश्यक त्या दर्जाच्या असून विश्वासार्ह पुरवठादाराकडून वाजवी किमतीला घेतल्या आहेत याची माझी स्वतःची खात्री आहे. सरकारी कागदावर मी आजवर केलेल्या सह्यांमध्ये एवढी मनापासून सही दुसरी नाही. प्रश्न फक्त 'परिमाण' या रकान्याचा होता. मी लिहिलं: वाटे, चार.

दुपारी गणपतीपुळ्यावरून जयगड. मंदिरात गेलो नाही, अण्णांनी रस्त्यावरूनच हात जोडले. जयगडच्या जेटीवरून तवसाळची फेरी, शास्त्री नदीचं मुख, पाण्याला लोखंडाचा वास. पंधरा मिनिटांत पलीकडे. वरच्या डेकवर एक नवरानवरी फोटो काढत होते, व्हॅलेंटाइनचा दिवस होता हे तेव्हा लक्षात आलं. गुहागरला पोचेपर्यंत अंधार. चार वाट्यांपैकी सॅम्पलला दोन पुरले. उरलेल्या दोन वाट्यांचे शंभर रुपये मी बिलातून कमी केले, कारण त्या रात्री आम्ही त्या खाल्ल्या. खोबरं, तिरफळ, अगदी बेताचं मीठ. प्रमाणपत्रातला दर्जाही त्यामुळे तपासून झाला.

पाचवा दिवस, १५ फेब्रुवारी. धोपावे, दाभोळ, हर्णै

सकाळी वाशिष्ठीच्या दक्षिण काठावर काम. चिखल खोल, अण्णांचा पाय मांडीपर्यंत गेला, चौकट वर धरून ते देवासारखे उभे. ओढून काढायला दोन खलाशी लागले. त्यांना चहा पाजला, त्या चहाचा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही.

मग धोपाव्याहून फेरीने दाभोळ. जवळच्या रस्त्याचा नियम मला इथे खरा कळला. आदेशात नुसतं 'कमी अंतर' म्हटलेलं नाही. नेहमीच्या साधनांनी जिथून लवकरात लवकर पोचता येईल तो जवळचा रस्ता, असं पूरक नियमांमध्ये आहे. गुहागरहून दापोलीला रस्त्याने जायचं तर चिपळूण, खेड करत शंभर किलोमीटरच्या आसपास. फेरीने त्याच्या निम्म्याहून कमी. नकाशावर निळ्या पाण्यात रेघ नसते म्हणून परगावचा कारकून हायवेची रेघ धरतो, आणि मग फेरीचं तिकीट त्याला चैन वाटते. मी तिकिटाच्या मागे वेळ लिहिली: ९.४० ला चढलो, ९.५५ ला उतरलो. अण्णा म्हणाले, एवढं पुरे.

एकेकाळी दाभोळ दख्खनचं मोठं बंदर, मक्केला जाणारी जहाजं इथून सुटायची. आज जेटीवर बर्फाची गाडी, दोन कुत्री आणि आम्ही. हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव बघितला. तिथे व्यवहार बोटांवर, किंमत ओरडून, उधारी डोक्यात. इतके पैसे फिरले आणि एक चिठ्ठी फाटली नाही. मुक्काम जवळच, पावती मिळाली, तारखेसकट.

सहावा दिवस, १६ फेब्रुवारी. वेसवी

साडेपाचला निघून मंडणगडाकडून वेसवी. सावित्रीची खाडी, पलीकडे बागमांडला. दोन्ही काठांवर मिळून चौदा चौकटी, फेरीने दोनदा ये-जा. एका चौकटीत सत्तावीस शिंपल्या निघाल्या, दौऱ्यातला उच्चांक. चौकटीचा एक कोपरा तेवढ्यात सांध्यातून निघाला. अण्णांनी सुंभाने बांधला आणि मला बजावलं, हे लिहू नका, नाहीतर चौकट हरवली का मोडली याची वेगळी फाईल होते.

चिपळूणला अण्णांचा निरोप घेतला. त्यांच्याकडे आगाऊ रक्कम होती, त्यातले उरलेले दोनशे चाळीस रुपये त्यांनी तिथेच मोजून पाकिटात वेगळे ठेवले. माझ्या पत्रात आगाऊ काही नव्हतं. बाहेरच्याला ती भानगड ठेवत नाहीत. सगळे पैसे आधी माझे, मग त्यांचे. रात्रीच्या गाडीने कुंभार्ली घाट चढले, पहाटे पावणेपाचला कोल्हापूर. सहा तासांच्या आत, म्हणजे सतरा तारखेचे ३० टक्के. पहिल्या दिवशीचे ७० आणि हे ३० मिळून बरोबर एक दिवस झाला. जेवणाचे एकूण ६,७५० रुपये. इतका गोल आकडा पाहून मलाच संशय आला, दोनदा बेरीज केली.

नंतर

बिल सातव्या दिवशी पाठवलं. मूळ पावत्या, त्यांच्या झेरॉक्स, तिकिटांचे फोटो, पत्राची प्रत, रद्द केलेला चेक, कारण मी कर्मचारी नाही तर 'व्हेंडर', आणि व्हेंडरचं खातं आधी सरकारी प्रणालीत पडताळून घ्यावं लागतं. रक्कम पाच हजारांच्या वर म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावर आडवी सही.

पाच आठवड्यांनी तीन शंका आल्या. एक, प्रवासी प्रौढ असताना अर्धं तिकीट कसं? सोबत मूल होतं का? मी राज्याच्या सवलतीचा तपशील आणि तळेऱ्याचा तो जोड-तिकिटांचा फोटो पाठवला. दोन, 'वाटा' म्हणजे किती ग्रॅम? यावर मी तीन ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं. पुढे काही विचारलं गेलं नाही, पण शंभर रुपये मंजूर झाले. काळबादेवीच्या रिक्षाचे ४२२ रुपये ५० पैसे मिळाले, म्हणजे काळबादेवी शहरात गेली. पायी प्रवासाचे बावीस किलोमीटर, ३३० रुपये, एकाही प्रश्नाशिवाय. अण्णांना कळवलं तर म्हणाले, "सांगितलं होतं ना. लाजायचं नाही."

तिसरी शंका विजयदुर्गच्या पावतीची. मुक्कामाची तारीख नाही. मी वहीचा तो कागद डोळ्यांसमोर आणला. घर होतं, नाव होतं, रक्कम, जेवण, सही, हळद. तारीख कुठेच नव्हती. वहिनींना फोन केला.

"तारीख? पुनव होती मां त्या दिसा."

"तेच, पण लिहून फोटो पाठवा."

संध्याकाळी फोटो आला. नवा कागद, तेच अक्षर, सुबक: 'माघ पौर्णिमा. दोन रात्री. रु. १२००. जेवण धरूक नाय.' इंग्रजी तारीख नाहीच. पुन्हा सांगावं असं वाटलं, मग म्हटलं जाऊ दे, आणि तसाच पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी लेखा विभागातल्या मॅडमचा फोन. आवाजात राग नव्हता, काम होतं. त्यांनी पंचांग बघितलं होतं. पौर्णिमा १२ तारखेची, ते जुळतं. पण पावतीत रात्री दोन आहेत आणि तिथी एकच. दुसरी रात्र पौर्णिमेच्या आधीची की नंतरची?

"आधीची."

"मग चतुर्दशी पण लिहून घ्या."

मी वहिनींना पुन्हा फोन लावला.